ओबामा दहशतवादापुढे मवाळ होते का? टीका नेमकी कुठे लागू पडते

प्रश्न असा आहे: "बराक ओबामांनी आठ वर्षांत अमेरिकेला दुबळं केलं, दहशतवाद्यांपुढे ते मवाळ राहिले आणि त्यांच्यामुळेच आयसिस उभी राहिली, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. दुसरीकडे लादेनला मारलं ते त्यांनीच, असंही लोक ठणकावून सांगतात. यातलं खरं काय समजायचं?"

मी एका मराठी दैनिकात परराष्ट्र घडामोडींचं पान बरीच वर्षं सांभाळलं. ओबामांचा पूर्ण काळ त्याच टेबलावरून पाहिला, आणि आता हाच विषय पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. आधी मत सांगून टाकतो, कारणं मागाहून देतो. ओबामांवर टीका व्हायला हवी आणि ती कडक हवी. पण 'मवाळ' हा आरोप त्यांना लागत नाही. माणूस हुडकून मारण्यात हा अध्यक्ष आधीच्या सगळ्यांच्या पुढे होता. त्यांचं गाडं अडलं ते पुढच्या प्रश्नावर. म्होरक्या मेला, राजवट पडली, फौज परतली; आता त्या मुलखात राज्य कोण चालवणार? इराक, लिबिया, सीरिया आणि पाकिस्तान, चारही ठिकाणी त्यांच्याकडे याचं उत्तर नव्हतं, आणि त्याची किंमत तिथल्या लोकांनी मोजली.

मवाळपणाचा शिक्का कुठून आला ते समजतं. पदावर आल्यावर दोनच दिवसांत, २२ जानेवारी २००९ ला, त्यांनी दहशतवादाच्या संशयितांना डांबून ठेवलेला क्युबातला ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. जूनमध्ये कैरो विद्यापीठात मुस्लिम जगाला उद्देशून भाषण केलं. वर्ष संपता संपता शांततेचं नोबेल घेतलं. रिपब्लिकन पक्षाने त्यावरून 'जगभर माफी मागत फिरणारा अध्यक्ष' असं चित्र रंगवलं आणि ते चिकटलं. पण याच माणसाने ऑगस्ट २००७ मध्ये, उमेदवारीसाठी झगडत असताना, जाहीर सांगितलं होतं की पाकिस्तानात लपलेल्या बड्या दहशतवाद्याची पक्की खबर असेल आणि पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ हात हलवणार नसतील, तर आम्ही हलवू. तेव्हा ते पोरकट आणि बेजबाबदार ठरले. २००८ च्या वादचर्चेत रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनीही, असं उघड बोलू नये, म्हणून त्यांना सुनावलं.

मे २०११ मध्ये ॲबटाबादला ओबामांनी अगदी तेच केलं. लादेन त्या घरात आहे याची खात्री कुणालाच नव्हती; वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचे अंदाज ४० टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स साशंक होते आणि उपाध्यक्ष बायडेन यांनी थांबायला सांगितलं होतं. मोहीम फसली असती तर १९८० मध्ये ओलिसांच्या सुटकेची मोहीम इराणच्या वाळवंटात फसून जिमी कार्टर यांचं जे झालं, तेच ओबामांचं झालं असतं आणि दुसरी निवडणूक हातची गेली असती. हे सगळं समोर असताना त्यांनी सील कमांडो पाठवले. अशा माणसाला भित्रा म्हणणाऱ्याने निदान ती रात्र नीट वाचावी.

ड्रोनचंही तसंच. बुश यांच्या काळात अधूनमधून वापरलं जाणारं हे हत्यार ओबामांनी रोजच्या वापरात आणलं. २०१० या एका वर्षात पाकिस्तानच्या कबायली भागात शंभराहून जास्त हल्ले झाले. कुणाला टिपायचं याची यादी व्हाइट हाउसमध्ये बैठकीत चर्चेला यायची आणि महत्त्वाच्या नावांवर अध्यक्ष स्वतः निर्णय घ्यायचे. सप्टेंबर २०११ मध्ये येमेनमध्ये अन्वर अल-अवलाकीला मारलं. तो अल कायदाचा प्रचारक होता, पण जन्माने अमेरिकी नागरिक होता. खटला नाही, सुनावणी नाही. दोन आठवड्यांनी झालेल्या दुसऱ्या हल्ल्यात त्याचा १६ वर्षांचा मुलगाही गेला, आणि त्याला लक्ष्य केलं नव्हतं एवढंच सरकारने मागाहून सांगितलं. डिसेंबर २०१३ मध्ये येमेनमध्येच एका लग्नाच्या वऱ्हाडावर हल्ला झाला. त्यात १२ जण गेले. जुलै २०१६ मध्ये सरकारने आपला हिशेब पहिल्यांदा जाहीर केला: इराक, अफगाणिस्तान, सीरिया ही युद्धक्षेत्रं सोडून इतरत्र ४७३ हल्ले, त्यांत ठार झालेले लढवय्ये सुमारे अडीच हजार आणि सामान्य माणसं ६४ ते ११६. स्वतंत्रपणे मोजदाद करणाऱ्या संस्थांनी सामान्य माणसांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगितला आहे. मला स्वतःला सरकारी आकडा पटत नाही, कारण मेलेल्यांत कोण कोण होते हे ठरवणारा आणि बाँब टाकणारा एकच होता.

हा कायदा न कळण्याचा विषय नव्हता, अध्यक्ष स्वतः घटनात्मक कायद्याचे अध्यापक होते. म्हणून तर तो जास्त टोचतो. ओबामांवरची ही टीका डावीकडून झाली, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी केली, आणि माझ्या मते त्यांच्यावर झालेल्या टीकेत सर्वांत सकस हीच होती. टीव्हीवरच्या आरडाओरड्यात ती ऐकू आली नाही. एकाच अध्यक्षाला एक बाजू 'फारच मवाळ' आणि दुसरी 'फारच निष्ठुर' म्हणत असेल तर दोन्ही बाजू कशाबद्दल बोलताहेत ते आधी पाहावं. पहिली बाजू त्यांच्या भाषणांबद्दल बोलत होती, दुसरी कृतीबद्दल.

आता आयसिस. व्हॉट्सॲपवर फिरणारी मांडणी सरळसोट असते: ओबामांनी २०११ मध्ये इराकमधून फौज काढली, पोकळी झाली, आयसिस घुसली. यात तथ्य आहे, पण निम्मंच. फौज कधी परतणार ती तारीख, ३१ डिसेंबर २०११, ठरवणारा करार नोव्हेंबर २००८ मध्ये बुश सरकारने केला होता. ओबामांच्या सरकारने काही हजार सैनिक ठेवण्यासाठी बोलणी केली. अट एकच होती की या सैनिकांवर इराकी कोर्टात खटले चालणार नाहीत याला इराकच्या संसदेने मान्यता द्यावी. संसद त्याला तयार होणं शक्य नव्हतं. ओबामांनीही फार ताणून धरलं नाही, उलट पुढच्या वर्षीच्या प्रचारात 'मी इराकचं युद्ध संपवलं' हे ते अभिमानाने सांगत राहिले. हे त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवं.

तरी माझ्या मते खरी चूक फौज परतण्याच्या वर्षभर आधीच झाली होती. मार्च २०१० च्या निवडणुकीत अयाद अलावी यांच्या आघाडीला ९१ आणि पंतप्रधान नूरी अल-मालिकी यांच्या शियाप्रधान आघाडीला ८९ जागा मिळाल्या. अलावी स्वतः शिया, पण सुन्नींची मतं त्यांच्याकडे आली होती. बंदूक बाजूला ठेवून मतपेटीकडे आलेल्या सुन्नींना पहिल्यांदाच वाटलं की आपणही या राज्यात आहोत. कित्येक महिन्यांच्या घोळानंतर पंतप्रधान झाले ते पुन्हा मालिकीच, आणि वॉशिंग्टनने त्याला संमती दिली, कारण ओळखीचा माणूस बरा आणि घरी परतायची घाई. शेवटची अमेरिकी तुकडी १८ डिसेंबर २०११ ला कुवेतमध्ये गेली. दुसऱ्याच दिवशी मालिकी सरकारने सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल-हाशिमी यांच्या अटकेचं वॉरंट काढलं. अल कायदाशी लढलेल्या सुन्नी टोळ्यांचे पगार रखडले, निदर्शनांवर गोळीबार झाला. जून २०१४ मध्ये मोसुल पडलं तेव्हा आयसिसच्या टोळ्यांपेक्षा संख्येने कितीतरी मोठं इराकी सैन्य गणवेश टाकून पळालं, आणि शहरातल्या अनेकांना ते सैन्य गेल्याचं दुःखही झालं नाही. काही हजार अमेरिकी सैनिक तळांवर बसून राहिले असते तर हे टळलं असतं का? मोसुल कदाचित इतक्या सहज पडलं नसतं. पण सुन्नींचा बगदादवरचा राग त्यांनी कसा शमवला असता, हे 'फौज का काढली' म्हणणारे सांगत नाहीत.

ओबामांना इथे माफ करता येत नाही ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. जानेवारी २०१४ मध्ये फालुजा आयसिसच्या हातात गेलं होतं, तेव्हाच एका मुलाखतीत त्यांनी अशा गटांची तुलना शाळकरी संघाशी केली, जो मोठ्या खेळाडूंसारखी जर्सी घालून मिरवतो. पाच महिन्यांत त्या 'शाळकरी संघा'कडे दहा-पंधरा लाख वस्तीचं शहर आलं. ऑगस्टअखेर पत्रकारांसमोर ते बोलून गेले की सीरियात आयसिसचं काय करायचं याची रणनीती अजून ठरलेली नाही. मनातला विचार म्हणून ते प्रामाणिकपणाचं असेल, पण अध्यक्षाने असं उघड विचार करत बसायचं नसतं. ऐकणाऱ्यांत शत्रूही असतो.

आपल्याकडेही या दिवसांची झळ पोहोचली. मोसुलमध्ये बांधकामावर असलेले ३९ भारतीय मजूर जून २०१४ मध्ये पळवले गेले, आणि ते मारले गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं ते मार्च २०१८ मध्ये. जवळजवळ चार वर्षं त्यांची घरं वाट बघत होती. तिक्रितच्या रुग्णालयात अडकलेल्या केरळच्या ४६ परिचारिका सुदैवाने परतल्या. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेच्या निमित्ताने इराकला गेले आणि आयसिसला मिळाले. ती बातमी आली तेव्हा मोसुल हे नाव आमच्या वाचकांना पाठ झालं.

लिबियाबद्दल ओबामांनी स्वतःच कबुली दिली आहे, म्हणून तिथे वाद कमी आहे. मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १९७३ क्रमांकाच्या ठरावानंतर लिबियाचा हुकूमशहा गद्दाफीच्या फौजेवर हवाई हल्ले सुरू झाले. भारत, चीन, रशिया, जर्मनी, ब्राझील मतदानाला तटस्थ राहिले. ठराव नागरिकांना वाचवण्यासाठी होता. शेवट गद्दाफीला मारण्यात झाला, ऑक्टोबर २०११ मध्ये. त्यानंतर त्रिपोलीत सरकार कोण चालवणार याचा विचार ब्रिटन-फ्रान्स करतील असं वॉशिंग्टनने धरलं आणि वॉशिंग्टन करेल असं त्या दोघांनी. गद्दाफीच्या कोठारातली शस्त्रं सहारा ओलांडून माली या देशात गेली आणि २०१२ मध्ये मालीचा उत्तर भाग जिहादी गटांनी गिळला. २०१६ च्या एप्रिलमध्ये ओबामा म्हणाले की गद्दाफीनंतरच्या दिवसाची तयारी न करणं ही बहुधा आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक.

अमेरिकेत मात्र लिबियावरची सगळी चर्चा एका रात्रीवर खिळली. ११ सप्टेंबर २०१२ ला बेंगाझीतल्या अमेरिकी कार्यालयावर हल्ला झाला. राजदूत ख्रिस स्टीव्हन्स यांच्यासह चार अमेरिकी गेले. पाच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूत सुझन राइस यांनी रविवारच्या टीव्ही कार्यक्रमांत, एका प्रक्षोभक व्हिडिओविरुद्धच्या निदर्शनांतून हे घडलं, असं सांगितलं आणि ते चुकीचं निघालं. त्या वाक्यांवर विरोधकांनी चार वर्षं काढली, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समित्या बसल्या, हल्ल्याच्या वेळी परराष्ट्रमंत्री असलेल्या हिलरी क्लिंटन यांची एका दिवसात अकरा तास उलटतपासणी झाली. तिकडे परराष्ट्र खात्याच्याच चौकशी मंडळाने डिसेंबर २०१२ मध्ये लिहून ठेवलं होतं की त्या जागेची सुरक्षा अत्यंत अपुरी होती. पहाऱ्याला अमेरिकी शिपाई मोजके आणि भरवसा एका स्थानिक सशस्त्र टोळीवर, कारण पहारा मागावा असं सरकारच तिथे उरलं नव्हतं. टीकाकारांनी हे धरलं असतं तर ओबामांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी टीव्हीवरची वाक्यं धरली आणि साप म्हणून भुई धोपटत बसले.

सीरिया सगळ्यांत कठीण. इथे थोडं थांबतो, कारण वर्गात आजही सर्वांत जास्त वाद याच प्रकरणावर होतो.

ऑगस्ट २०१२ मध्ये एका पत्रकार परिषदेत ओबामा म्हणाले की सीरियाचे अध्यक्ष असाद यांच्या सरकारने रासायनिक शस्त्रं हलवली किंवा वापरली तर आमच्या दृष्टीने ती लाल रेषा असेल. अधिकाऱ्यांनी तयार करून दिलेलं ते वाक्य नव्हतं, बोलण्याच्या ओघात आलं. बरोबर वर्षाने, २१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, दमास्कसजवळच्या घौतात सरिन वायूचा मारा झाला. अमेरिकेच्या अंदाजानुसार १,४२९ माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं. भूमध्य समुद्रात टॉमाहॉक क्षेपणास्त्रं घेऊन नौका उभ्या राहिल्या, फ्रान्सची विमानं तयार होती. २९ तारखेला ब्रिटनच्या संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी कारवाईला नकार दिला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ओबामा आपले चीफ ऑफ स्टाफ डेनिस मॅकडोनो यांना घेऊन व्हाइट हाउसच्या हिरवळीवर तासभर फेऱ्या मारत बोलत राहिले. परत आल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं की आधी काँग्रेसची परवानगी मागायची. खोलीतल्या बहुतेकांना हा धक्का होता; संरक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री तर त्या फेरीत नव्हतेच. पॅरिसमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांना फोनवर कळलं. काँग्रेसमध्ये मतं जमत नव्हती. तेवढ्यात रशियाने मध्यस्थी केली, असादने साठा द्यायचं कबूल केलं आणि पुढच्या जूनपर्यंत सुमारे १,३०० टन रासायनिक साठा देशाबाहेर गेला.

ओबामांचे समर्थक म्हणतात, एकही बाँब न टाकता एवढा साठा नष्ट झाला, याहून मोठं यश कोणतं? विरोधक म्हणतात, त्या शुक्रवारी अमेरिकेची पत गेली आणि पुढच्या वर्षी पुतिन यांनी क्रिमिया घेतला तो त्याच जोरावर. क्रिमियाचा दुवा मला ओढूनताणून जोडलेला वाटतो. बुश इराकमध्ये बाँब टाकत होते, तेव्हाही, ऑगस्ट २००८ मध्ये, रशिया जॉर्जियात घुसला होता. १,३०० टनांचं यश मात्र खरं आहे, आणि ते मी कमी लेखणार नाही. तो साठा तिथेच राहिला असता तर आयसिस त्या भागात पसरल्यावर त्यातला किती तिच्या हाती लागला असता, याचा विचार करून पाहा.

माझी तक्रार रेषा ओढण्याबद्दल आहे. क्षेपणास्त्रं सोडल्यावर काय होईल याचा विचार ओबामांनी ऑगस्ट २०१३ मध्ये केला, तो ऑगस्ट २०१२ मध्ये करायला हवा होता. आधी शब्द दिला आणि मग तो पाळायचा का यावर विचार केला. ज्या सीरियन बंडखोरांना 'असादने जावं' असं ओबामांनी ऑगस्ट २०११ मध्येच ऐकवलं होतं, त्यांना त्या शुक्रवारनंतर कळलं की मदत येणार नाही. त्यांतले कितीतरी पुढे ज्यांच्याकडे पैसा आणि दारूगोळा होता अशा कडव्या गटांकडे सरकले. शिवाय असादने सगळा साठा दिलाच नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये खान शेखुन गावावर पुन्हा सरिन पडला, ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीने सीरियन सरकारला जबाबदार धरलं. असाद तिथे राज्य करत राहिला तर काय आणि गेला तर कोण येणार, या दोन्ही प्रश्नांना ओबामांकडे शेवटपर्यंत एकच उत्तर होतं: आपण त्यात पडायचं नाही. इराकनंतर असं वाटणं मी समजू शकतो. पण मग 'जावं' म्हणायचं नव्हतं आणि रेषाही ओढायची नव्हती.

इराणबद्दल थोडक्यात. जुलै २०१५ च्या अणुकरारावर टीका करताना 'ओबामांनी दहशतवादाला १५० अब्ज डॉलर दिले' असं सांगितलं जातं. तो पैसा इराणचाच होता, परदेशी बँकांत गोठवलेला, आणि खरी रक्कमही त्याहून बरीच कमी होती. जानेवारी २०१६ मध्ये विमानाने जी रोकड गेली ती १९७९ पूर्वी शहाच्या सरकारने शस्त्रांसाठी भरलेल्या पैशांची परतफेड होती. हा करार अणुबाँब रोखण्यापुरता होता, लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र गटाची रसद थांबवण्यासाठी नव्हता. तेवढ्यापुरता तो चालत होता. २०१८ मध्ये ट्रम्प बाहेर पडल्यावर इराणने युरेनियमचं समृद्धीकरण कुठवर नेलं ते सगळ्यांनी पाहिलं.

पाकिस्तानवर मात्र मराठी वाचकाने वेगळं लक्ष द्यायला हवं, कारण तिथे ओबामांच्या धोरणाचा आणि मुंबईचा थेट संबंध येतो.

१ डिसेंबर २००९ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ओबामांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि त्याच भाषणात परतीची सुरुवात जुलै २०११ पासून, असंही सांगितलं. वाट पाहायला बसलेल्या तालिबानला याहून सोयीची बातमी कोणती? तालिबानचं नेतृत्व होतं क्वेट्ट्यात, तालिबानच्या साथीदार हक्कानी गटाचे तळ उत्तर वझिरिस्तानात, लादेन ॲबटाबादला काकुलच्या लष्करी अकादमीपासून दीड-दोन किलोमीटरवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यात आणखी एक अडचण होती. अफगाणिस्तानात जेवढे जास्त सैनिक, तेवढं जास्त इंधन, अन्न आणि सामान, आणि त्याचा मोठा भाग कराची बंदरातून खैबर आणि चमनमार्गे जायचा. फौज वाढवून ओबामांनी पाकिस्तानच्या लष्कराच्या हातात स्वतःची मान दिली. नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले, तेव्हा पाकिस्तानने हा रस्ता सात महिने बंद ठेवला आणि शेवटी हिलरी क्लिंटन यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲडमिरल माइक मलन यांनी सिनेटसमोर सांगितलं होतं की हक्कानी गट म्हणजे आयएसआयचा हातच आहे. देशाचा सर्वोच्च लष्करी अधिकारी हे बोलतो आणि धोरण बदलत नाही! २००९ मध्ये काँग्रेसने मंजूर केलेली पाच वर्षांत साडेसात अब्ज डॉलरची नागरी मदत चालूच राहिली.

नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा मुंबईत आले, मुद्दाम ताजमध्ये उतरले, २६/११ मध्ये वाचलेल्यांना भेटले. त्या भाषणात पाकिस्तानचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी सेंट झेवियर्सच्या अंगणात एका विद्यार्थिनीने सरळ विचारलं की पाकिस्तान तुम्हाला एवढा महत्त्वाचा का, आणि त्याला दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही? ओबामा म्हणाले की हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होतं. मग बरंच बोलले: पाकिस्तान मोठा देश, प्रगती हवी तितकी वेगाने होत नाही, स्थिर पाकिस्तानात सर्वांत जास्त हित भारताचंच आहे. उत्तर सभ्य होतं, अभ्यासू होतं, आणि त्यात त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यानंतर सहा महिन्यांनी ॲबटाबाद घडलं.

याच काळात शिकागोत डेव्हिड हेडली कोठडीत होता. ताडदेवला इमिग्रेशनचं कार्यालय थाटून, त्या आडून ताज, ट्रायडेंट, सीएसटी, नरिमन हाउस पाहून, बोटीतून किनाऱ्याची टेहळणी करून लष्कर-ए-तय्यबाला नकाशे पुरवणारा हा अमेरिकी नागरिक. तो आधी अमेरिकेच्याच अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता, आणि त्याच्या बायकांनी त्याच्याबद्दल अमेरिकी अधिकाऱ्यांना सावध केलं होतं. ते बुश यांच्या काळातलं, त्याचं पाप ओबामांच्या माथी नको. पण ऑक्टोबर २००९ मध्ये तो पकडला गेल्यानंतरचा व्यवहार त्यांच्या सरकारचा. मार्च २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि बदल्यात ठरलं की फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणं नाही. सहा अमेरिकींसह १६६ माणसं मारणाऱ्या कटाला ३५ वर्षांची शिक्षा झाली, जानेवारी २०१३ मध्ये.

या सौद्याची एक बाजू न्यायाने सांगायला हवी. हेडली बोलला. जून २०१० मध्ये भारतीय तपास पथकाला त्याला शिकागोत भेटता आलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओवरून त्याने मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्ष दिली, सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी त्याला प्रश्न विचारले. आयएसआयच्या मेजर इक्बालचं आणि लष्करच्या साजिद मीरचं नाव त्यामुळे नोंदीवर आलं. ओबामांनी २०१२ मध्ये लष्करचा संस्थापक हाफिज सईदवर एक कोटी डॉलरचं इनामही लावलं, आणि सप्टेंबर २०१४ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात लष्कर, जैश, हक्कानी आणि दाऊदची टोळी यांची नावं एकत्र आली. आधी कुठलाही अध्यक्ष एवढं बोलला नव्हता.

पण इनाम लागलेला सईद दुसऱ्याच दिवशी रावळपिंडीत, लष्करी मुख्यालयाच्या शहरात, पत्रकार परिषद घेऊन 'मी इथेच आहे' असं सांगत होता आणि मदतीचे डॉलर येतच राहिले. एप्रिल २०११ मध्ये शिकागोच्याच न्यायालयात मेजर इक्बाल, साजिद मीर आणि आणखी दोघांवर आरोपपत्र दाखल झालं होतं, अमेरिकी नागरिकांच्या खुनाबद्दल. लादेनसाठी न विचारता हेलिकॉप्टर पाठवणाऱ्या या अध्यक्षाने या चौघांसाठी पाकिस्तानची मदत महिनाभर जरी पूर्णपणे रोखून धरली असती, तरी मी आज त्यांच्याबद्दल वेगळं लिहिलं असतं. जानेवारी २०१७ मध्ये ओबामांनी पद सोडलं तोवर त्यांतला एकही शिकागोच्या कोर्टात उभा राहिला नव्हता.